लंडन आणि आसपासचे आजी-आजोबा : घरचे मेळावे आणि मधल्या वारांची भटकंती

किंग्जबरीची आजी

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. वीस-बावीसजणी आल्या होत्या. त्यांत पुण्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक बाई होत्या. तिळगूळ देताना मी सहज विचारलं, काय काय पाहिलंत लंडनमध्ये? म्हणाल्या, "राजवाडा झाला, टॉवर ब्रिज झाला, नदीकाठचा तो मोठा पाळणाही झाला. शनिवार-रविवारी मुलं नेतात हो हौसेने. बाकी सोमवार ते शुक्रवार खिडकी."

तो खिडकी शब्द काही केल्या माझ्या मनातून जात नाही. दोन महिने त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या घराची लाल कौलं आणि कचऱ्याचे डबे बघत बसल्या होत्या. पाच मिनिटांवर ट्यूबचं, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेचं, स्टेशन आहे हे त्यांना माहीत होतं. पण वाट चुकले तर, पाय घसरला तर, कुणी इंग्रजीत भरभर काही विचारलं तर मुलाला कामावरून उठून यावं लागेल, या काळजीने त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता.

मी १९८२ साली लग्न होऊन इथे आले. तीस वर्षं इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी केली. आता मी ६७ वर्षांची आहे आणि हे ७४. मुलगा-सून, लेक-जावई, मिळून पाच नातवंडं, सगळी अर्ध्या तासाच्या अंतरावर. आम्हाला इथली सवय झाली, त्यामुळे नव्याने येणाऱ्यांना किती बिचकायला होतं याचा विसर पडला होता. त्या बाईंनी तो आठवून दिला.

माझं म्हणणं थोडक्यात असं : शनिवार-रविवार मुलांचे, मधले वार आपले. मुलांनी नेलं तरच जायचं आणि मुलांनी बोलावलं तरच जमायचं, असं असेल तर आपण त्यांच्या घरात पाहुणे होऊन राहतो. आपणही कुणाला तरी बोलवायला हवं, आपणही घरी येऊन "आज मी अमुक बघून आले" असं सांगायला हवं.

आमच्या घरी महिन्याचा पहिला रविवार आजी-आजोबांचा. बेत आम्ही ठरवतो, आमंत्रण आम्ही करतो, कुणी उशिरा आलं तर रागावण्याचा हक्कही आमचा. गणपतीत मात्र दीड दिवस सगळे इथेच मुक्कामाला असतात. शाडूची मूर्ती असते, विसर्जन बागेत मोठ्या बादलीत. दोन दिवसांनी ते पाणी गुलाबाला घालतो. मधल्या नातीला उकडीचे मोदक वळायची फार हौस. ती जिभेचं टोक दातांत धरून कळ्या काढते आणि मोजते, "एट, नाइन, टेन, अकरा!" अकरावर आली की मराठीत येते, कारण आजीने अकरा कळ्या सांगितल्यात. दहापर्यंतचे आकडे तिचे, अकरावा माझा.

बाहेर म्हणाल तर आमच्या दारातलं फ्रायंट कंट्री पार्क. गवताची मोठाली कुरणं, जुन्या झाडांची कुंपणं आणि वर बार्न हिलची टेकडी. टेकडीवर एक तळं आहे आणि तिथून वेम्ब्लीच्या मैदानाची कमान अगदी समोर दिसते. ऑगस्टच्या शेवटी कुंपणांना ब्लॅकबेरी लागतात. मागच्या वर्षी मी आणि नातू डबा घेऊन गेलो होतो. पूर्ण काळं झालेलं फळ नुसतं हात लावला की सुटून येतं. ओढावं लागलं तर ते अजून तयार नाही, हे त्याला एकदा सांगितलं, मग तो प्रत्येक फळाला आधी बोट लावून बघायचा. बोटं जांभळी, ओठ जांभळे, डबा अर्धाच.

तुम्ही लिहा. घरी कसे जमता? मधल्या वारी कुठे जाता? लंडनच असं नाही, आसपासचेही चालतील.

----------

मुलुंडकर

काकू, तुमची ती खिडकी वाचली आणि मी हिला हाक मारून वाचून दाखवलं. आम्ही हेजला लेकीकडे आहोत. मी ७१ आणि ही ६८. आमची खिडकी मागच्या बाजूला आहे, तिच्यातून कालवा दिसतो.

आम्ही व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे एका वेळी सहा महिनेच. त्यामुळे इथल्या ज्येष्ठांना मिळतो तो फुकट प्रवासाचा पास आम्हाला नाही. हिचे गुडघे दुखतात, जिने नको वाटतात. मागच्या महिन्यात धीर करून बसमध्ये चढलो, चालकासमोर नोट धरली, त्याने मान हलवली आणि आम्ही उतरलो. तो उद्धटपणे वागला नाही, पण मागे रांग होती आणि सगळे बघत होते. त्यानंतर परत गेलो नाही.

----------

फिरस्ता७०

मुलुंडकर, लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, कुणाचेच. त्यात तुमची काही चूक नाही. लेकीला ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड आणायला सांगा, प्रत्येकाचं वेगळं. त्यात पैसे भरून ठेवायचे. बसमध्ये चढताना एकदाच टेकवायचं, उतरताना नाही. ट्यूबला मात्र आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा. पहिल्या बसला कार्ड टेकवल्यापासून एका तासात दुसरी, तिसरी बस घेतलीत तर वेगळं भाडं पडत नाही. म्हणजे चुकीच्या बसमध्ये बसलात तरी नुकसान नाही. उतरा, रस्ता ओलांडा, उलट दिशेची पकडा. हे कळलं की निम्मी भीती जाते.

लंडनमध्येच कायम राहणाऱ्यांसाठी फ्रीडम पास आहे. इथलं सरकारी पेन्शनचं वय (६६-६७) झालेलं हवं. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ च्या आधी बस-ट्यूबला चालत नाही, शनिवार-रविवार पूर्ण दिवस चालतो.

गुडघ्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्युबिली लाइनवर वेस्टमिन्स्टरपासून पुढे स्ट्रॅटफर्डपर्यंत प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे आणि नॉर्थ ग्रिनिचपर्यंत फलाटाला काचेची दारं आहेत. तुमची एलिझाबेथ लाइन तर सगळीच बिनजिन्याची आहे. एकही पायरी न चढता तुम्ही हेजहून शहराच्या मध्यात पोचता.

आणि जे कुणी बोलत नाही ते मी लिहितो : स्वच्छतागृह. आपल्या वयात बाहेर पडताना पहिला विचार त्याचाच असतो. ब्रिटिश म्युझियम, व्हीअँडए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, सगळ्यांना कायमस्वरूपी दालनं बघायला तिकीट नाही. आत स्वच्छ सोय, बसायला बाक. मी कुठेही निघालो की वाटेतलं असं एक ठिकाण आधी हेरून ठेवतो.

----------

नवी_सूनबाई

मी वाचनमात्र असते, आज लिहिते आहे. माझ्या सासूबाई गेल्या वर्षी पाच महिने आमच्याकडे होत्या. आम्हीच त्यांना म्हणायचो, "आई, एकट्या जाऊ नका हं." आम्हाला वाटायचं आपण काळजी घेतोय. त्या कधी काही बोलल्या नाहीत. हा धागा वाचून रात्री नवऱ्याला म्हटलं, आपण त्यांना घरात कोंडून घातलं होतं.

जूनमध्ये त्या परत येणार आहेत. आजी, सुरुवात कशी करू? त्यांना इंग्रजी वाचता येतं, बोलायला संकोचतात.

----------

किंग्जबरीची आजी

सूनबाई, काळजीपोटीच म्हणालात ना, मनाला लावून घेऊ नका.

माझ्या धाकट्या जावेला मी असं शिकवलं होतं. एकच ठिकाण ठरवलं, घरापासून एका बसने जाता येईल असं. पहिल्या दिवशी शेजारी बसून नेलं. दुसऱ्या वेळी मी तिच्या मागच्या बाकावर बसले आणि एक शब्द बोलले नाही. घंटी तिने दाबायची, उतरायचं कुठे ते तिने ठरवायचं. ती एक थांबा आधी उतरली, मीही उतरले, दोघी चालत गेलो. तिसऱ्या वेळी ती एकटी निघाली आणि मी पलीकडच्या थांब्यावर उभी राहिले. बस आली, दार उघडलं, ही उतरली. चेहरा असा फुललेला की मला तिथेच भरून आलं. चौथ्या वेळेपासून तिने मला विचारलंच नाही.

महिनाभर तेच ते ठिकाण चालेल. रोज नवीन जागा दाखवायची घाई नको. एक रस्ता पायाखालचा झाला की पुढचे आपोआप होतात. आणि पर्समध्ये एक चिठ्ठी हवी : घरचा पत्ता, पोस्टकोड, तुमचा आणि मुलाचा फोन. फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही.

----------

सातारकर_आजोबा

धागा आवडला. मी पिनरला राहतो, वय ७६. बायको गेल्याला चार वर्षं झाली, त्यामुळे माझे मधले वार फारच मोठे असतात. मी ते आपल्या माणसांची घरं शोधण्यात घालवतो. या शहरात आपली माणसं राहून गेली आहेत आणि त्यांच्या दारापर्यंत जाता येतं.

लोकमान्य टिळकांचं घर १०, हाउली प्लेस. चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते आले तेव्हा १९१८-१९ मध्ये तिथे राहत होते. खटला हरले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे, १९६१ साली लावलेली. गल्ली शांत आहे, पांढऱ्या रंगाची घरं. घरात कुणी ना कुणी राहत असणार, त्यामुळे आत जाता येत नाही, पण पदपथावर उभं राहायला कुणाची ना नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. टोपी काढून उभा राहिलो. वयाची साठी ओलांडलेला, प्रकृती ढासळलेला माणूस, मंडालेची सहा वर्षं भोगून आलेला, तो या थंडीत रोज कोर्टात जात असेल आणि संध्याकाळी इथेच परतत असेल. तेव्हा त्यांचं वय माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी कमी होतं, हे तिथे उभं असताना लक्षात आलं.

मुलुंडकर, ही गोष्ट तुमच्यासाठी. तुमच्या खिडकीतून दिसतो तो ग्रँड युनियन कालवा. हेजजवळच्या बुल्स ब्रिजपाशी त्याला एक फाटा फुटतो. १८०१ मध्ये तो खुला झाला. वीस-बावीस किलोमीटर वाहत वाहत तो लिटिल व्हेनिसला पोचतो आणि लिटिल व्हेनिसपासून टिळकांचं घर चालत काही मिनिटांवर आहे. तुमच्या खिडकीखालचं पाणी लोकमान्यांच्या अंगणाजवळ जातं असं समजा. तुम्ही एलिझाबेथ लाइनने पॅडिंग्टनला उतरा आणि कालव्याच्या काठाकाठाने या. रस्ता सपाट आहे.

दुसरं घर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये ते तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि तिथे आता स्मारक आहे. आत जाता येतं, पण निघण्यापूर्वी वेळ बघून घ्या. ज्युबिलीने स्विस कॉटेज, तिथून ३१ नंबरची बस चॉक फार्मपर्यंत. बाहेर पडल्यावर प्रिमरोझ हिल जवळच आहे. चढ आहे, पण हळूहळू चढावं. वरून सगळं लंडन पायाशी दिसतं.

वाघनखांबद्दल लोक विचारतात. व्हीअँडए संग्रहालयातली ती वाघनखं बघायला जाऊ जाऊ म्हणत माझं राहूनच गेलं होतं. २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर ती भारतात गेली आणि सगळ्यात आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली. मी दिवाळीत घरी गेलो आणि पुतण्याचा हात धरून साताऱ्यातच बघितली. संग्रहालयाच्या लोकांनी ती महाराजांचीच अशी खात्री दिलेली नाही, तेही मला माहीत आहे. तरी काचेपाशी उभा होतो तेव्हा शेजारच्या आजींनी हात जोडले आणि माझेही जोडले गेले.

----------

मुलुंडकर

सातारकर, काल गेलो. दोघं. ही वाटेत तीन ठिकाणी बसली. बाकं आहेत, बोटी बघत बसता येतं. टिळकांच्या पाटीपाशी हिने पर्समधून रुमाल काढून उगाचच फाटकाचा गज पुसला. घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, मी इथे नऊ वर्षं राहते, मला हे माहीत नव्हतं." पुढच्या रविवारी आम्ही तिला घेऊन जाणार आहोत.

----------

स्पष्टवक्ती

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, पण दुसरी बाजू लिहिते. मी तीन वेळा आले. दोन बाळंतपणं आणि एकदा पाळणाघराचा खर्च झेपत नाही म्हणून. पहाटे उठायचं, डबे, बाळाची आंघोळ, दुपारी मोठ्याला शाळेतून आणायचं, संध्याकाळचा स्वयंपाक. मला खिडकीत बसायलासुद्धा वेळ नव्हता. आणि तक्रार कुणाकडे करणार? मुलगी माझ्याहून जास्त दमलेली दिसत होती. परत जाताना विमानात बसले आणि जेवणाचा ट्रे कुणीतरी आयता समोर ठेवला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

अशा आज्यांची भटकंती कशी करायची, ते सांगा.

----------

किंग्जबरीची आजी

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. हे तुम्ही मुलीला सांगितलंत का, असं विचारणार होते, पण उत्तर तुम्ही दिलंच आहे. माझं मत स्पष्ट सांगते : आठवड्यातला एक अर्धा दिवस आजीचा, हे तिकीट काढायच्या आधी, फोनवरच ठरवून घ्यावं. तिथे पोचल्यावर बाळाचं रडणं कानावर पडलं की मग आपल्याच्याने बोलवत नाही. मुलांना ते आवडत नाही असं नसतं, त्यांच्या लक्षातच येत नाही. वरती सूनबाईंनी लिहिलंय बघा.

आणि बाळासकट बाहेर पडता येतं. बसमध्ये बाबागाडीला जागा राखलेली असते, मधल्या दाराजवळ. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात जा. लहान बाळांसाठी गाण्यांचा अर्धा-पाऊण तास असतो, बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. मी नोकरीत असताना आमच्याकडे दर मंगळवारी असायचा. एक मराठी आजी नातीला घेऊन यायच्या, कोपऱ्यात बसायच्या, तोंडाने अवाक्षर नाही. एकदा गाणी सांगणारी मुलगी आजारी पडली आणि मी त्यांना म्हटलं, तुम्हीच म्हणा काहीतरी. त्यांनी आपलं एक बडबडगीत म्हटलं, हातवाऱ्यांसकट. पुढच्या मंगळवारी तीन इंग्रज आया त्यांच्याभोवती बसून ते हातवारे शिकत होत्या. शब्द एकीलाही कळत नव्हते, बोटं मात्र बरोबर नाचत होती.

----------

स्पष्टवक्ती

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. या वेळी विचारेन.

एक मीही सांगते, बायकांसाठी. डॉ. रखमाबाई १८८९ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला आल्या, त्या इथल्या बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या. त्या शाळेची पुढे बांधलेली लाल विटांची इमारत ब्लूम्सबरीत हंटर स्ट्रीटवर अजून आहे. रसेल स्क्वेअर स्टेशनहून चालत जाता येतं. मनाविरुद्धच्या लग्नाचा खटला लढून ती बाई इथे आली होती. मुलीला म्हणणार आहे, मला अर्धा दिवस दे, मला रखमाबाईंच्या गल्लीत जायचंय.

----------

निवृत्त_परिचारिका

मोजकंच लिहिते. पाहुणे म्हणून येणाऱ्यांनी विमा घेताना रक्तदाब, मधुमेह, आधीची शस्त्रक्रिया, काही लपवू नका. अपघात विभागात उपचार मिळतात, पण रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट बिल येतं. तातडीचं नसेल पण सल्ला हवा असेल तर १११ ला फोन करा, दुभाषा मागता येतो. गोळ्यांच्या ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहिलेला कागद जवळ ठेवा, भारतातली ब्रँडची नावं इथल्या डॉक्टरांना ओळखता येत नाहीत.

हिवाळ्यात डिसेंबरमध्ये चारच्या आधी सूर्य मावळतो. त्या दिवसांत बाहेर पडायचं तर सकाळी अकराला, दोनपर्यंत घरी. ओल्या पानांवरून चालू नका, बर्फापेक्षा माणसं त्यावरच जास्त घसरतात असा माझा वॉर्डातला अनुभव.

----------

स्लाऊकरीण

आमच्या स्लाऊहून विंडसरला ट्रेनने सहा मिनिटं लागतात. किल्ल्याचं तिकीट एकदा काढावं, पण आम्ही महिन्यातून दोनदा जातो ते लाँग वॉकवर. किल्ल्यासमोरून सरळ चार किलोमीटर जाणारा, दोन्हीकडे झाडांच्या रांगा असलेला रस्ता. जमेल तेवढं चालायचं आणि परत फिरायचं. पुढे गेलात तर हरणं दिसतात.

मेळाव्याचं सांगते. आमची दहा आज्यांची भिशी आहे. पैशांची कमी, जेवणाची जास्त. दर महिन्याला एकीकडे, जिच्याकडे असेल तिने फक्त भात आणि ताक करायचं, बाकी प्रत्येकीने एक पदार्थ. यात एक चांगलं झालं. कोल्हापूरची, नागपूरची, मालवणची, अशा दहा घरांची आमटी नातवंडांनी चाखली.

मागच्या गणपतीत दोन दिवस आधी आमचा हॉल रद्द झाला. पैसे भरलेले, साठ माणसांना आमंत्रण गेलेलं आणि फोनवर फक्त "सॉरी". मी रडकुंडीला आले. माझा नातू सतरा वर्षांचा आहे, एरवी खोलीतून बाहेर येत नाही. तो म्हणाला, "आजी, गॅरेज." त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी रात्री अकरापर्यंत गॅरेज उपसलं. रंगाचे डबे, जुन्या सायकली, गवत कापायचं यंत्र सगळं बागेत ताडपत्रीखाली. जमिनीवर सतरंज्या, भिंतीला माझ्या दोन पैठण्या. साठ माणसं पाळीपाळीने आत आली. आरतीला शेजारचं पोलिश कुटुंब दारात येऊन उभं राहिलं, त्यांच्या मुलीने झांजा वाजवल्या. यंदा हॉल बघू या का विचारलं तर सगळे म्हणाले, गॅरेजच.

----------

लेस्टरकर

लेस्टरहून हजेरी. इथे बेलग्रेव्ह रोडची दिवाळीची रोषणाई सगळ्यांना माहीत आहे, पण आम्हा दोघांचं आवडतं ठिकाण ब्रॅडगेट पार्क. नदी, खडक, हरणं आणि पडक्या वाड्याच्या विटांच्या भिंती. नगरच्या किल्ल्याशेजारी वाढलेल्या माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. लंडनला यायचं म्हणजे दिवस मोडतो, पण तुम्ही कधी भेटायचं ठरवलंत तर कळवा.

----------

निवांत

क्यू गार्डन्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून. तिकीट आहे, ज्येष्ठांना सवलत असते. थंडीच्या दिवसांत पाम हाउसमध्ये शिरा. दार ढकललं की चष्म्यावर वाफ धरते, काही दिसत नाही, आणि आधी वास येतो : ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा, आपल्याकडच्या जुलैचा. मग चष्मा पुसला की समोर केळ, नारळ. माझे यजमान मूळचे वेंगुर्ल्याचे. बाहेर तीन अंश तापमान होतं आणि ते कोट काढून केळीच्या पानावर हात ठेवून उभे राहिले. आम्ही तिथून एक तास हललो नाही.

----------

किंग्जबरीची आजी

मंडळी, इतकं छान लिहिताय, तर आता प्रत्यक्ष भेटूच. गटग, म्हणजे गेट-टुगेदर, करू या. मधल्याच वारी.

ग्लॅडस्टोन पार्क, डॉलिस हिल. येत्या गुरुवारी सकाळी अकरा, भिंतीने वेढलेल्या फुलबागेत. ज्युबिली लाइनने डॉलिस हिलला उतरा. स्टेशनात जिना आहे आणि बागेत चढ, गुडघेवाल्यांनी डॉलिस हिल लेनच्या बाजूने यावं, तिकडून सपाट पडतं. या बागेतल्या जुन्या वाड्यात मार्क ट्वेन १९०० च्या उन्हाळ्यात राहिले होते, वाडा आता नाही. त्याच डॉलिस हिल लेनवर महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळ १९३२ चं, येत्या काही वर्षांत शंभरी गाठेल. मी नवी नवरी असताना इथल्या पहिल्या मराठी ओळखी मंडळातच झाल्या.

येताना चहाचा थर्मास आणि एक डबा. मुलांना आणू नका, त्यांना घरी गेल्यावर सांगायचं आहे. पुण्याच्या त्या बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, मुलगा रजा घेतो म्हणतोय. मी म्हटलं, त्याला रजा घेऊ देऊ नका.

----------

सातारकर_आजोबा

येतो. वेम्ब्ली पार्कला बदलायचं, बरोबर ना?

----------

फिरस्ता७०

बरोबर. सगळ्यांनीच लक्षात ठेवा, वेम्ब्ली पार्कला मेट्रोपॉलिटन आणि ज्युबिली दोन्ही थांबतात, पण मेट्रोपॉलिटन डॉलिस हिलला थांबत नाही.

----------

किंग्जबरीची आजी

कालचा वृत्तांत.

चौदाजण आलो. ऊन होतं, वारा होता. लेस्टरकर दोघं सकाळी सातला निघून आले. मुलुंडकर वहिनी डॉलिस हिल लेनकडून आल्या, एकदाही न बसता, हे त्यांनी स्वतःच आल्या आल्या सांगितलं. सातारकर भावजी फोनवर बोलण्याच्या नादात वेम्ब्ली पार्कला उतरायचे राहिले, गाडी डॉलिस हिल सोडून थेट फिंचली रोडला गेली. तिथे उतरून, उलट गाडी घेऊन पंचवीस मिनिटं उशिरा आले, पण कुणाला फोन न करता आले. त्यांच्यासाठी दोन थालीपीठं झाकून ठेवली होती.

स्पष्टवक्ती ताई भारतातून व्हिडिओवर होत्या. इथे दुपारचे बारा, तिकडे साडेचार. त्यांच्या हातात चहा, आमच्या हातात चहा. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय आणि अर्ध्या दिवसाचं मुलीशी बोलणं झालंय, शुक्रवार मिळालाय.

पुण्याच्या बाई अकराला दहा कमी असतानाच बागेत होत्या, आमच्या सगळ्यांच्या आधी. क्वीन्सबरीहून एकट्या. मी जवळ गेले तर मूठ घट्ट आवळलेली. उघडून दाखवली. आत घामाने मऊ झालेली चिठ्ठी, किराणा यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहिलेली : क्वीन्सबरी, किंग्जबरी, वेम्ब्ली पार्क, नीसडन, डॉलिस हिल. प्रत्येक नावापुढे पेनने एक बारीक बरोबरची खूण. गाडीत बसल्या बसल्या, स्टेशन गेलं की करत आल्या होत्या.

निघताना मी म्हटलं, मी किंग्जबरीपर्यंत सोबत येते. म्हणाल्या, "नको, उलटं वाचत जाईन."

----------

नवी_सूनबाई

आजी, पुढचं गटग कधी? सासूबाई १२ जूनला येताहेत.

----------

किंग्जबरीची आजी

मग जूनचा तिसरा गुरुवार. विंडसर, लाँग वॉक. स्लाऊकरीण बाई, तुमच्याकडे भात आणि ताक.

----------

स्लाऊकरीण

गॅरेज रिकामं करून ठेवते.